तलावावर लोकशिक्षणाचा उपक्रम घ्यायचाय? आधी हा क्रम नीट लावा

दर वर्षी २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी, पूर्व विदर्भातल्या कितीतरी तलावांच्या पाळीवर बॅनर लागतो. शाळेची मुलं रांगेत येतात, शहरातून आलेले पक्षीमित्र अर्धा तास बोलतात, शपथ होते, नाश्ता होतो. तिथेच चार पावलांवर ढिवर बांधव जाळं दुरुस्त करत बसलेले असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याच तलावात जेसीबी उतरून उथळ काठ खरवडून नेतो, तेव्हा गावातून कुणी हरकत घेत नाही. घेणार तरी कोण? तो कार्यक्रम गावाचा नव्हताच.

हा लेख शिक्षक, बचत गट, निसर्गमंडळं आणि ग्रामपंचायत सदस्यांसाठी आहे. उदाहरण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या माजी मालगुजारी तलावांचं, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या मामा तलावांचं घेतलं आहे. नांदूर मधमेश्वर किंवा ठाणे खाडीसारख्या ठिकाणी पाण्यावर जगणारी माणसं वेगळी असतील, पण कामाचा क्रम हाच ठेवा. बहुतेक उपक्रम फसतात ते माहिती कमी पडते म्हणून नाही. पाण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना श्रोते म्हणून बसवलं जातं, म्हणून फसतात. त्यांना शिकवणाऱ्यांच्या जागी बसवा.

१. आधी कागद: तलाव कुणाचा आणि हक्क कुणाचे

कार्यक्रमाच्या किमान महिनाभर आधी तलाठी कार्यालयात जा. तलावाचा सातबारा आणि गावनकाशा बघा. सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असलेले तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे असतात, त्याहून मोठे राज्याच्या जलसंपदा खात्याकडे. मासेमारीचा ठेका बहुधा ढिवर समाजाच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. ठेक्याची मुदत कधी संपते तेही विचारून घ्या, कारण मुदत संपत आलेली संस्था आणि नुकताच ठेका मिळालेली संस्था तुमच्याशी वेगवेगळ्या तऱ्हेने बोलणार.

विदर्भात आणखी दोन कागद महत्त्वाचे आहेत: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाला सामायिक जमिनीवर, पाणवाटेवर, मासेमारीवर कोणते हक्क आहेत याच्या नोंदी त्यांत सापडतात. जंगलालगतचं गाव असेल तर वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्काचा दावा झाला आहे का तेही पाहा. त्या कायद्यात जलाशयातले मासे आणि इतर उपज यांवरचा हक्क स्पष्टपणे धरलेला आहे. हे सगळं एका पानावर लिहून काढा. पुढच्या बैठकांना ते पान बरोबर ठेवा.

सावधान: "हा तलाव पाणथळ कायद्याने संरक्षित आहे" असं भाषणात सरसकट सांगू नका. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ मधून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे, पिण्याच्या पाण्याचे तलाव, भातशेती आणि नद्यांची पात्रं वगळलेली आहेत. मामा तलाव हे माणसांनी सिंचनासाठी बांधलेले तलाव. ही गोष्ट दडवलीत तर ती माहीत असलेला पहिलाच अधिकारी तुमचा सगळा उपक्रम मोडीत काढेल. खरं ते सांगा: या तलावांची राखण आज मुख्यतः गाव, ग्रामसभा आणि हक्काच्या नोंदी यांच्या जोरावर होऊ शकते. लोकशिक्षणाची गरज आहे ती त्याचसाठी.

२. चार गटांच्या चार बैठका, वेगवेगळ्या

सगळं गाव एकाच सभेत बोलवायचा मोह टाळा. अशा सभेत ओलिताची जमीन असलेले बोलतात, ढिवर आणि बायका गप्प राहतात. आधी चार बैठका वेगळ्या घ्या.

ढिवरांशी बैठक संध्याकाळी, त्यांच्या मोहल्ल्यात. पहाटे ते पाण्यावर असतात, दिवसा मासळी विकायला गेलेले असतात. विचारायचं ते असं: तलावात पूर्वी कोणते मासे होते, आता कोणते दिसत नाहीत? कुठल्या कोपऱ्यात मासे अंडी घालतात? कुठली पाणवनस्पती कमी झाली? पाणी किती खाली गेलं की काम थांबवावं लागतं? वयस्क माणसं तलावाच्या प्रत्येक भागाचं नाव सांगतील. ती नावं जशीच्या तशी टिपून घ्या, नकाशावर तीच वापरायची आहेत.

शेतकऱ्यांशी बैठक रोवणीच्या दिवसांत ठेवू नका, एकही माणूस येणार नाही. त्यांच्याकडून पाणीवाटपाचा हिशेब समजून घ्या: धानाला पाणी कधी सोडतात, दार कोण उघडतं, सांडव्यात अडथळा कुणी घालतं का, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत कोण पेरतं. तलावाची बरीच भांडणं याच चार प्रश्नांत असतात. ती माहीत नसताना तुम्ही "पाणी राखा" म्हणालात, तर कुणाच्या तरी बाजूने बोलल्यासारखं होतं.

बायकांची बैठक त्यांच्या सोयीने, बहुधा दुपारी. शिंगाडे, कमळाचे देठ, काठावरची भाजी, लहान मासे आणि झिंगे यांची माहिती त्यांनाच सर्वांत जास्त असते. उपक्रमाच्या यादीत मात्र त्यांचं नाव शेवटी येतं. धुण्याच्या घाटाचा प्रश्नही इथेच निघेल. साबणाच्या फेसावरून त्यांना दोष देऊन सुरुवात करू नका. घाटाची जागा बदलता येईल का, हे त्यांनाच ठरवू द्या.

चौथी बैठक शाळेत, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीबरोबर.

सावधान: बाहेरच्या वक्त्याला मानधन देणार असाल, तर मुलांना तलाव दाखवणाऱ्या ढिवर काकांना आणि मावशींनाही तेवढंच द्या. त्यांची एका सकाळची मासळी बुडते. "गावाचंच काम आहे" म्हणून त्यांना फुकट राबवणं अन्यायाचं आहे, आणि पुढच्या वेळी ते येणारही नाहीत.

पडताळा: चारही बैठकांनंतर तुमच्याजवळ किमान चार-पाच अशी माणसं हवीत, ज्यांनी स्वतःहून म्हटलं आहे की "मी दाखवतो" किंवा "मी सांगते." नसतील तर पुढे जाऊ नका, आणखी एक फेरी मारा.

३. वेळापत्रक पाण्याच्या चालीवर बसवा

एका दिवसात तलाव कळत नाही. वर्षात चार वेळा जायचं ठरवा आणि मुलांचा तोच गट प्रत्येक वेळी न्या.

पहिली भेट उन्हाळ्यात, पाणी सगळ्यांत कमी असताना, शाळांना सुटी लागण्याआधी आणि सकाळीच. तलावाचा तळ, उतार, उथळ काठ, जुने पाणवाटेचे खड्डे तेव्हाच दिसतात. मुलांनी चालत काठाचा नकाशा काढावा आणि ढिवरांनी सांगितलेली नावं त्यावर घालावीत.

दुसरी भेट पावसाळ्यात. पहिल्या लोंढ्यांबरोबर मासे ओढ्यातून आणि बांधीतून (धानाच्या बांध घातलेल्या शेतातून) वर चढतात, उथळ पाण्यात अंडी घालतात. त्या काही दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावलं तर पुढच्या वर्षाची मासळी तिथेच संपते. ढिवर संस्थेच्या माणसाने हे काठावर उभं राहून सांगितलं, तर त्याचं वजन कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त पडतं. तिसरी भेट सप्टेंबर-ऑक्टोबरात, कमळ, कुमुद आणि पाण्याखालच्या वनस्पती भरात असताना. चौथी डिसेंबर ते फेब्रुवारीत, स्थलांतरित बदकं उतरलेली असताना. २ फेब्रुवारीचा कार्यक्रम घ्यायचाच असेल तर तो या चौथ्या भेटीला जोडा, म्हणजे मुलं त्या दिवशी वर्षभराचं स्वतःचं काम गावाला दाखवू शकतील.

सावधान: पावसाळी भेटीत सारसाचं घरटं दाखवायला मुलांना नेऊ नका. राज्यात सारस आता मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागातच उरला आहे. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटं करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. लोकांची ये-जा वाढली की जोडी घरटं सोडू शकते. घरट्याचा फोटो व्हॉट्सअॅप गटात टाकू नका, ठिकाण सांगू नका. ज्याच्या बांधीत घरटं आहे त्या शेतकऱ्याला शाळेत बोलवून त्याच्याकडून ऐका.

४. साहित्य: थोडं, पण कामाचं

प्रोजेक्टर लागत नाही. पांढऱ्या रंगाचे दोन-तीन ट्रे किंवा पराती, चहाच्या गाळणीपेक्षा मोठ्या चाळण्या, दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण केलेली बांबूची काठी, दोरी, दोन दुर्बिणी, जाड पुठ्ठ्याच्या वह्या, पेन्सिली. पक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रं मोठ्या आकारात छापून घ्या. खाली स्थानिक नाव मोठ्या अक्षरात आणि पुस्तकी नाव लहान अक्षरात. उलटं केलंत तर मुलं घरी जाऊन आजीशी त्याबद्दल बोलू शकत नाहीत. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी आणि लांब दोरीला बांधलेली हवा भरलेली ट्यूब विसरू नका.

५. तलावावरची सकाळ: आधी काय, मग काय

दहा-बारा मुलांचा एक गट, प्रत्येक गटाबरोबर एक गावातला जाणकार आणि एक शिक्षक. जाणकार बोलतो, शिक्षक मुलांकडून प्रश्न काढून घेतो. हे काम वाटून दिलं नाही तर शिक्षकच बोलत राहतात.

सुरुवात पाळीवरून नको, तलावात पाणी येतं त्या बाजूने करा. ओढा कुठून येतो, वरच्या भागात जंगल आहे की शेत, पहिल्या पावसाचं पाणी कोणत्या रंगाचं येतं. मग पाळीवरून सांडव्यापर्यंत चालत जा आणि खालच्या धानाच्या बांध्या दाखवा. पाणी कुठून येऊन कुठे जातं हे मुलांनी पायांनी चालून पाहिलं की पुढचं सांगणं सोपं जातं.

मग उथळ काठ. इथे घाई करू नका, दिवसाचा सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच. जाणकाराने पाण्यातून वनस्पतीचा एक झुबका अलगद उचलून पाणी भरलेल्या पांढऱ्या परातीत ठेवावा. मुलांना म्हणा, दोन मिनिटं हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आधी काहीच दिसत नाही. मग पानामागून एक गोगलगाय सरकते. काडीसारखं वाटलेलं काहीतरी चालू लागतं, ते चतुराचं पिल्लू असतं. पारदर्शक झिंगा मागच्या मागे उडी मारतो. पानाच्या खालच्या बाजूला साबुदाण्यापेक्षा बारीक, चिकट अंड्यांची रांग दिसते. नखाएवढी मासोळी मुळांत शिरून दडते. ज्या कचऱ्यासारख्या गवताला "तलाव साफ करा" म्हणत उपटून टाकतात, त्यात हे सगळं असतं. परातीपुढे बसलेल्या मुलांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. झुबका जिथून काढला तिथेच परत ठेवायला मुलांनाच सांगा.

पक्षी शेवटी. पक्ष्यांपासून सुरुवात केली की मुलांच्या डोक्यात पाणथळ जागा म्हणजे पक्षी एवढंच बसतं. परातीनंतर दुर्बीण दिलीत तर उघड्या चोचीचा करकोचा गोगलगाय शोधतोय हे त्यांना आपोआप कळतं, कारण ती गोगलगाय त्यांनी नुकतीच पाहिलेली असते. कमळपक्षी तरंगत्या पानांवरून का चालू शकतो हे त्याच्या लांब बोटांकडे बघून मुलं स्वतः सांगतात. अडई, टिबुकली, पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, एवढे पक्षी पहिल्या वर्षाला पुरे.

सावधान: मुलांना डोंग्यात बसवू नका, कितीही हट्ट केला तरी. गुडघ्याच्या वर पाण्यात कुणी उतरायचं नाही. मामा तलावांचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि आत पाय अडकतो. पावसाळी भेटीत वीज चमकली की तिथेच थांबवा आणि परत फिरा. पालकांची लेखी संमती आणि येणाऱ्यांची यादी शाळेत ठेवा.

६. तीन प्रश्न येणारच, उत्तरं तयार ठेवा

पहिला, "गाळ काढायचा की नाही?" सरळ नाही म्हणू नका, ते खोटं ठरेल. गाळ भरला की साठवण कमी होते, आणि गाळ शेतात टाकला तर शेतकऱ्याचा फायदा होतो. प्रश्न आहे तो कुठला आणि कसा काढायचा याचा. यंत्राने सगळा तलाव एकसारखा खोल केला की उथळ काठ जातो. माशांची अंडी घालायची, पक्ष्यांची चरायची, कमळ-कुमुदाची जागा तीच असते. वरच्या थरात पाणवनस्पतींचे कंद आणि बी असतं, ते ट्रॉलीत भरून शेतात जातं. तळाचा घट्ट चिकणमातीचा थर फुटला तर पाणीही झिरपू लागतं. म्हणून सांगायचं ते एवढं: मधला भाग काढा, काठाचा सौम्य उतार ठेवा, वनस्पती असलेले कोपरे नकाशावर आखून सोडा, आणि सगळा तलाव एकाच वर्षी उकरू नका. उन्हाळ्यात मुलांनी केलेला नकाशा कंत्राटदाराला दाखवायला इथेच उपयोगी पडतो.

दुसरा, "बेशरम कशी घालवायची?" तलावाच्या काठावर माजणारं हे झुडूप. नुसती वरून कापून काहीही होत नाही, तुकड्यातून पुन्हा फुटते. ती मुळासकट उपटायची, पाण्यापासून दूर नेऊन वाळवायची, काठावर ढीग लावायचा नाही. आणि उपटलेली जागा रिकामी सोडायची नाही. ढिवरांना विचारून हायड्रिला, कुमुद अशा स्थानिक पाणवनस्पती दुसऱ्या तलावातून थोड्या आणून तिथे लावायच्या आणि गुरं शिरणार नाहीत असं साधं कुंपण पहिल्या मोसमात घालायचं. पूर्व विदर्भात ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी असं काम केलेलं आहे, त्यामुळे शिकायला दूर जावं लागत नाही. शेजारच्या गावातल्या अशा माणसांनाच बोलवा.

तिसरा प्रश्न बहुधा पुढाऱ्यांकडून येतो: "इथे सुशोभीकरण करू, बोटिंग सुरू करू." वाद घालू नका. काँक्रीटच्या उभ्या भिंतीवर पक्षी उतरत नाही, मासा अंडी घालत नाही, म्हैस पाण्यात शिरू शकत नाही. हे तिन्ही मुद्दे मुलांना परातीपाशी कळलेले असतात. त्यांनाच सांगू द्या.

मत्स्यबीजाबद्दल विचारलं तर उत्तर ढिवर संस्थेने द्यावं. तुम्ही फक्त एवढं सांगा की गवत्या मासा (ग्रास कार्प) पाणवनस्पती खातो, त्यामुळे वनस्पती वाढवायच्या तलावात तो सोडू नये, आणि थाई मांगूर देशात बंदी असलेला मासा आहे.

७. नोंदवही गावातच राहू द्या

माहिती गोळा करून शहरात नेणं आणि गावात काहीच न ठेवणं, ही चूक मी सगळीकडे पाहतो आणि तिचा राग येतो. एक जाड वही शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. प्रत्येक भेटीत त्याच जागी, त्याच वेळी काठीने पाण्याची खोली मोजा, दिसलेले पक्षी मोजा, ढिवरांना त्या आठवड्यात मिळालेले मासे त्यांच्याच नावांनी लिहा. ओळख पटली नाही तर वर्णन लिहा, अंदाजाने नाव ठोकू नका. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण आधी वहीत.

गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असतेच. तिच्या सचिवाला वही दाखवा आणि तलावाच्या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत घ्यायला लावा. पुष्कळ गावांत ती नोंदवही बाहेरच्या माणसांनी घाईत भरलेली असते आणि तिच्यात तलावाला दोन ओळी मिळालेल्या असतात.

पडताळा: वहीत नोंद करणाऱ्यांत निदान एक ढिवर घरातलं मूल आणि एक बाई आहे ना?

८. ग्रामसभेत न्यायचं ते छोटं आणि ठरावीक

वर्षाच्या शेवटी (गाळाचा ठराव घ्यायचा असेल तर २६ जानेवारीच्या आधीच) मुलांनी गावाला तलाव दाखवायचा: नकाशा, वही, परात. भाषणं कमीत कमी. मग पुढच्या ग्रामसभेत एकच विषय न्या. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमाराला होतात. गाळ काढण्याची कामं उन्हाळ्यात निघतात, त्यामुळे त्याबद्दलचा ठराव जानेवारीतच व्हायला हवा. १ मे पर्यंत थांबलात तर यंत्र आलेलं असतं.

"तलावाचं संवर्धन करण्यात यावं" असा ठराव घेऊ नका, त्याने कुणावर काहीच बंधन येत नाही. ठराव असा हवा: नकाशावरच्या या दोन कोपऱ्यांत गाळ काढायचा नाही, पावसाळ्याच्या सुरुवातीला ओढ्याच्या तोंडाशी इतके दिवस जाळं लावायचं नाही, दिवस ढिवर संस्था ठरवेल, घाट या जागेवरून त्या जागेवर हलवायचा. विषय मांडणारा माणूस गावातला असावा, तुम्ही मागच्या रांगेत बसा. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि तिची झेरॉक्स लघुसिंचन विभागाला, मत्स्यव्यवसाय विभागाला आणि संस्थेला पोचवून पोच घ्या.

ठराव झाला नाही, किंवा अर्धाच झाला, तरी वही बंद करू नका. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्याच मुलांना, त्याच काठीसह, पुन्हा काठावर न्या आणि गेल्या वर्षी सोडलेले कोपरे जागेवर आहेत का ते नकाशाशी ताडून पाहा. यंत्र लागलेलं दिसलं तर त्याच दिवशी ठरावाची प्रत घेऊन ग्रामसेवकाकडे जा.